उजव्या कप्प्याचंही बघा

संपादक महाशय,

हार्ट फेल्युअरवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. सगळा भर हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या पंपिंगवर; उजवा बिचारा नेहमीसारखा दुर्लक्षित! मी रोज इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करते. निजलेल्या पेशंटची टॅप्सी, म्हणजे उजव्या कप्प्याच्या तोंडाशी असलेल्या ट्रायकस्पिड झडपेच्या कडेची हालचाल (तिच्यावरून त्या कप्प्याचा जोर कळतो), १९ मिलिमीटर भरते. १७ च्या खाली नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. तोच माणूस जिन्यात कठडा धरून थांबतो. त्याला आडव्या सायकलवर पॅडल मारायला लावलं, की फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब चढतो आणि पातळ भिंतीचा उजवा कप्पा कधी कधी जोर धरण्याऐवजी फुगतो. धापा टाकणाऱ्या छातीवर प्रोब टेकवून चित्र मिळवणं किचकट, कबूल. पण दम चालताना लागतो, मग तपासणी निजवूनच का?

— एक इको तंत्रज्ञ