लिनक्स जरूर घ्या, पण आधी फॉन्ट बदला

संपादक महोदय,

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि जुने प्रोसेसर तिला चालत नाहीत. त्यामुळे धडधाकट संगणक मोडीत काढायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मुळीच पटत नाही. मी मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन करते आणि अशाच एका 'बाद' संगणकावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घालून रोजचे काम करते आहे.

मराठी टंकलेखनाची काळजी नको. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीची प्रमाणित कळरचना) निवडला की झाले. खरी गोची फॉन्टची आहे. 'मंगल' मायक्रोसॉफ्टचा, तो लिनक्सबरोबर येत नाही. मंगलमधली फाइल उघडली की त्याच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात, पाने पुढेमागे होतात. मग हाताने केलेली अनुक्रमणिका आणि शेवटची सूची पुन्हा तपासत बसा! मजकूर निदान शाबूत राहतो. युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये तेही सुख नाही. त्यात रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट नसला की पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा, आणि नंतर रफार, जोडाक्षरे व पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालावीत. रूपांतरात नेमकी तीच घसरतात.

म्हणून माझे सांगणे असे की विंडोजवर असतानाच लिबरऑफिस (लेखनासाठीचा मोफत प्रोग्रॅम) वापरायला लागा आणि 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो' (Noto) यांसारखा खुला, मोफत फॉन्ट घ्या. दोन्हीकडे तेच चालते. हात बसला की पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, प्रिंटर, आवाज तेव्हाच तपासा. फक्त विंडोजवरच चालणारा एखादा प्रोग्रॅम कामाला लागत असेल, तर दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवता येतात. फाइलींची प्रत मात्र आधी बाहेर काढून ठेवाच.

प्रकाशकांना आणि आपल्यासारख्या संपादकांना कळकळीची विनंती आहे: लेखकांकडून साधा युनिकोड मजकूर घ्या, ठरावीक फॉन्टची सक्ती करू नका. त्या एका अटीपायी कितीतरी लिहिणारे जुन्या, असुरक्षित विंडोजवर अडकून पडले आहेत.

आपली,
एक मुद्रितशोधक