घरच्या टाकीतील प्रवाळ : कायद्याची बाजूही छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील, घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कठीण प्रवाळ वाढवण्याविषयीचा लेख वाचला. नोकरीनिमित्त मी न्यू जर्सीत राहतो आणि हा छंद येथे बरीच वर्षे जोपासतो आहे. लेख रंजक आहे. परंतु भारतातील वाचकाला जे सर्वांत आधी सांगायला हवे होते, त्याचा त्यात उल्लेखच नाही.

लेखात सारा भर कापण्यावर आहे. अ‍ॅक्रोपोरा या फांद्याफांद्यांनी वाढणाऱ्या कठीण प्रवाळाची फांदी कटरने तोडून, जेलसारख्या सुपरग्लूने चिनीमातीच्या चकतीवर बसवली की बुंध्याकडची जिवंत त्वचा काही आठवड्यांत गोंदावरून पसरत चकतीला चिकटते, हे खरे. पण तो सोपा भाग झाला. सांगाडा घडवण्यासाठी प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत शोषून घेत असल्यामुळे, फांद्या जोमाने वाढू लागल्या की पाण्याची क्षारता (खारटपणा नव्हे, तर विरघळलेल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा) रोज घसरते आणि ती रोज मोजून-मापून भरून काढावी लागते. कॅल्शियम लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम, क्षारता 8 ते 9 डीकेएच (क्षारता मोजण्याचे एकक) आणि तापमान 25-26 अंश, हे महिनोन्‌महिने हलू द्यायचे नसते. घाईने एकदम जास्त मात्रा टाकली, तर फांद्यांची टोके जळून पांढरी पडतात.

आता कायद्याविषयी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, 2001पासून सर्व कठीण प्रवाळांचा समावेश आहे. या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास किमान तीन वर्षे कैद आहे. 2020मध्ये सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अली येथील अवघ्या 18 प्रवाळ वसाहती (एकाच सांगाड्यावर वाढणाऱ्या सूक्ष्म प्रवाळजीवांचे समूह) हलवायच्या होत्या, तर मुंबई महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. तेथे हौशी माणसाने बाजारातून फांदी आणून कापावी, असे सुचवणे बेजबाबदारपणाचे आहे. टाकीत वाढलेला तुकडा आणि समुद्रातून ओरबाडलेला तुकडा नजरेने वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे मला हा कडकपणा योग्यच वाटतो.

घरच्या फांद्यांमुळे समुद्रातील प्रवाळ वाचतात, हे लेखकाचे विधानही अर्धेच खरे आहे. येथे हौशी लोक आपापसांत फांद्या देतात-घेतात, त्यामुळे समुद्रातून आणलेल्या वसाहतींची गरज काहीशी कमी होते, एवढेच. एका वसाहतीच्या शंभर फांद्या जनुकीयदृष्ट्या एकच जीव असतात. शिवाय टाकीतला प्रवाळ समुद्रात सोडला, तर सोबत रोग आणि परके जीवही जातात. तमिळनाडूच्या किनाऱ्यालगतच्या मन्नारच्या आखातात तुतिकोरिनची सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्था प्रवाळांचे पुनर्रोपण करते, ते शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली आणि तिथल्याच प्रवाळांच्या तुकड्यांनी.

पुरवणीच्या पुढील अंकात कायद्याची ही माहिती ठळकपणे द्यावी, ही विनंती. लेख वाचून पुण्यातील एका नातेवाईकाने ‘येताना दोन फांद्या घेऊन ये’ असा निरोप मला पाठवलाच आहे, आणि त्याला मी नकार कळवला आहे.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी