बटरक्रीमवरचा हत्ती आणि ताईंचे आभार

ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले होतेच, पण घाईघाईत. नुसतं ‘थँक्यू हं’ म्हणून फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. कारण घरी केक करणाऱ्या कितीतरी जणी नेमक्या याच ठिकाणी अडतात.

मी विचारलं होतं एवढंच, की बटरक्रीमच्या, म्हणजे लोणी-साखरेच्या क्रीमच्या, केकवर फॉन्डंटचे (साखरेच्या मळलेल्या लगद्याचे) तारे, नावाची अक्षरं आणि वरचा हत्ती चिकटवू कशाने? उत्तर द्यायचं सोडून तुम्हीच मला विचारायला लागलात. केक फ्रिजमध्ये राहणार का? क्रीम पिठीसाखरेचं की स्विस मेरिंगचं (अंड्याचा पांढरा आणि साखर गरम करून फेटलेलं)? हत्ती भरीव आहे का? खरं सांगते, तेव्हा थोडी वैतागले होते. पण तुम्ही कारण सांगितलंत आणि पुढचं सगळं आपोआप उलगडत गेलं.

फॉन्डंट म्हणजे शेवटी साखर, आणि साखर ओलावा ओढून घेते. बटरक्रीम कितीही तुपकट वाटलं तरी त्यात पाण्याचा अंश असतोच. तो हळूहळू फॉन्डंटमध्ये शिरतो, तुकडा मऊ पडतो, लाल-काळा रंग असेल तर शेजारच्या पांढऱ्या क्रीमवर उतरतो. व्हिप्ड क्रीमवर तर हे फारच लवकर होतं. म्हणून सजावट आधी करून ठेवायची, पण केकवर चढवायची अगदी शेवटी. चिकटवायचं कशाने, हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि त्याचंही उत्तर किती साधं! बटरक्रीम ताजं, ओलसर असेल तर हलका तुकडा नुसता टेकवला तरी धरतो. पिठीसाखरेचं क्रीम मात्र थोड्या वेळाने वरून पापुद्रा धरतं. मग त्याच क्रीमचा ताजा ठिपका तुकड्याच्या मागे लावायचा. पाण्याचा ब्रश फॉन्डंटवर फॉन्डंट लावताना ठीक, कारण साखर विरघळून चिकट होते. लोण्यावर पाणी ठरतच नाही, तुकडा घसरतो आणि रंगाचा ओघळ मागे राहतो.

केकच्या कडेला तारे लावताना तर तुम्ही फोनवरून जणू माझा हातच धरला होतात. आधी केक गार करून क्रीम घट्ट होऊ दिलं. ताऱ्याच्या पाठीवर वाटाण्याएवढं मऊ बटरक्रीम लावलं, तारा टेकवला आणि बोटाच्या पेरानं मधोमध हलकंच दाबून धरलं. टोकं दाबायची नाहीत, नाहीतर समोर बोटाचा ठसा उमटतो. गार क्रीमवर तो ठिपका लगेच आळतो आणि तारा जागचा हलत नाही. अक्षरं मी केकच्याच मापाच्या टिनवर, बाहेरच्या बाजूनं टेकवून वाळवली होती, त्यामुळे गोलाईवर ती नीट बसली. सपाट वाळवलेल्या अक्षरांची टोकं हमखास उचलतात. लाल अक्षरांच्या पाठीला वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात दिला. त्या स्निग्ध थरातून ओलावा सहजी पलीकडे जात नाही आणि रंगही उतरत नाही. ही युक्ती मला स्वतःहून कधीच सुचली नसती.

टायलोजबद्दल, म्हणजे फॉन्डंट कडक करणाऱ्या पुडीबद्दल, मात्र माझं मत तुमच्यापेक्षा जरा वेगळं आहे. पाव किलो फॉन्डंटला एक छोटा चमचा हे तुमचं प्रमाण हत्तीला अगदी चोख. पाय ताठ राहिले, सोंड लोंबली नाही. पण कडेच्या बारीक अक्षरांत मी ते कमीच घालणार. फार कडक झालेलं अक्षर हाताळताना कटकन मोडतं.

हत्तीसाठी गोंद शोधत बसू नकोस, त्याला आधार दे, हे तुमचं वाक्य तर मी लिहूनच ठेवलंय. अंग मऊ असतानाच त्यात लॉलीपॉपची काडी घातली आणि काडीसकट उभं वाळू दिलं. तीच काडी मग केकमध्ये खोचली. डोकं धडाला जोडायला कच्च्या स्पगेटीचा तुकडा वापरला. लहान मुलांचा केक म्हटल्यावर टूथपिक नकोच, चुकून घासात आली तर? काडी कुठे आहे हे केक नेणाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं. फुलांची तार थेट केकमध्ये खोचायची नाही, आधी स्ट्रॉ घालायचा, हेही त्याच ओघात सांगून टाकलंत. तेव्हा फुलांचा विषयसुद्धा नव्हता!

राहता राहिला फ्रिज. गार केक बाहेर काढला की फॉन्डंटला घाम फुटतो. तो पुसायचा नाही, बोटही लावायचं नाही, पंख्याखाली आपोआप सुकतो. पण घाम फुटूच नये म्हणून केक पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात दिला आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत खोकं उघडू नका असं बजावलं. पाणी धरलं ते खोक्यानं. हत्ती कोरडाच्या कोरडा!

आता साखरेची गुलाबं करायची आहेत, तारांवरची. पाकळ्या वाळवण्याबद्दल विचारायला फोन करणारच आहे. या वेळी क्रीम कोणतं आणि केक फ्रिजमध्ये जाणार का, ते आधीच सांगेन.

तुमची,
हत्तीवाली