वाचनालयातल्या काकांचे आभार

माझा जुना लॅपटॉप रात्रभर बंद ठेवला की सकाळी तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असायची. तारीख चुकली की ब्राउझर वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं मान्य करत नाही, त्यामुळे एकही पान धड उघडेना. अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली. रडू यायचंच बाकी होतं. वाचनालयात शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, "काय गं, रोज वेळ लावावी लागते का?"

दुसऱ्या दिवशी ते व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर घेऊन आले. आधी चार्जर आणि मोठी बॅटरी काढायला लावली, मग झाकण उघडलं. लॅपटॉप बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) नाण्याएवढा सेल ३ व्होल्टचा असतो. मीटरवर २ सुद्धा दिसेनात. काकांनी कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी ठेवला होता. किती जपून! नवा सीआर२०३२ सेल मात्र मलाच बसवायला दिला. "अधिकची खूण वर हं." मग बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, तारीख लावली.

अर्ज वेळेत गेला. नंतर लॅपटॉप आठवडाभर बंद होता, काल उघडला तर घड्याळ बरोबर. काका, घाईत तुमचं नावही विचारलं नाही. मनापासून आभार.