उन्हाळ्यात प्रयोगशाळांची कुलपं काढा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहाय्यक होतो, आता निवृत्त आहे. प्रॅक्टिकलची परीक्षा आटोपली की स्पेक्ट्रोमीटरवर कापड टाकायचं, मेन स्विच बंद करायचा आणि कुलूप लावायचं, ही माझी दर उन्हाळ्याची ड्युटी. कुलूप निघायचं ते थेट जूनमध्ये. या सुट्टीत मुलांना तिथे छोटं संशोधन करू द्यावं, एवढं सांगायला हे पत्र.

अमेरिकेत १९८७ पासून नॅशनल सायन्स फाउंडेशन नेमक्या याच सुट्टीत पदवीच्या मुलांना साधारण दहा आठवडे संशोधनाला बसवते, वर विद्यावेतनही देते. ज्यांच्या कॉलेजात संशोधनाची सोय नाही, अशा मुलांकडे त्यात मुद्दाम लक्ष दिलं जातं. ती योजना अमेरिकेच्या मुलांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. पण आपल्याकडेही देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरची वेगळी आहे. अडचण अशी की उन्हाळ्यासाठीचे अर्ज दिवाळीच्या आसपास निघतात आणि नोव्हेंबर संपेतो काहींची मुदतही संपते. आमच्याकडे ते पत्रक नोटीस बोर्डावर लागलेलं मी पाहिलंय, पण जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकल्यावर!

आमच्या विभागातली एक मुलगी मात्र वेळेत अर्ज करून गेली. राहायला पूर्व भागात, वडील यंत्रमागावर. उद्यान एक्स्प्रेसने बंगळूरला गेली, काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर बसवायच्या कामाला. सुरुवातीचे थर पापुद्र्यासारखे सुटून हातात आले, कारण काच नीट धुतलेली नव्हती. पुढे थर टिकला, तर अणूंची मांडणी दाखवणाऱ्या एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या आलेखात एकही टोक दिसेना, नुसता फुगवटा. म्हणजे अणूंची रांगच लागली नव्हती. ४५० अंशांच्या भट्टीतून काढल्यावर ती टोकं उमटली. परत आल्यावर मला म्हणाली, "काका, तिथं उत्तर कुणालाच आधी माहीत नव्हतं." गुरुत्वीय प्रवेगाची, म्हणजे जी ची, किंमत ९८० यायलाच हवी म्हणून मागच्या वर्षीच्या जर्नलवरून रीडिंग बसवणारी किती मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडून हे वाक्य ऐकलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. सगळ्यांना बंगळूर मिळणार नाही, आणि मुलीला दोन महिने परगावी पाठवायला सगळी घरं तयार होणार नाहीत. पण मटेरियल्सचं फिजिक्स सोलापुरातही करता येतं. त्याला काही दुर्बीण किंवा प्रवेगक लागत नाही. बीकरमध्ये द्रावण, त्यात उभी काचेची स्लाइड, खाली हॉट प्लेट: काचेवर थर बसवायची केमिकल बाथ म्हणतात ती पद्धत एवढीच. २००४ पर्यंत आपली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाखाली होती. कोल्हापूरला थिन फिल्मचं, म्हणजे अशा पातळ थरांचं, काम कित्येक दशकं चालू आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच प्राध्यापकांची पीएच.डी. त्याच विषयातली आहे. ही मंडळी उन्हाळ्यात पेपर तपासत बसतात. डिफ्रॅक्शनचं यंत्र कॉलेजला परवडायचं नाही, पण शुल्क भरलं की विद्यापीठात नमुने तपासून मिळतात.

विषयही दारातच आहे. चादरी-टॉवेलच्या धंद्यामुळे रंगाचं पाणी या गावाला नवं नाही. टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील किरण पडले की रंगाचे रेणू तुटू लागतात. उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के, पण आपल्या मे महिन्यात ऊन कमी पडल्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही. यातून सांडपाण्याचा प्रश्न सुटेल असं मी म्हणत नाही. गडद रंगाच्या पाण्यात प्रकाश आत शिरतच नाही. तो का शिरत नाही आणि पाणी किती पातळ केलं तर शिरेल, हे मोजायला सहा आठवडे पुरे होतात.

प्राचार्य ॲसिडचं नाव काढताच बिचकतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. घातक वाफा बाहेर ओढणारं फ्यूम हूड नसेल तिथे हे काम करूच नये. वेळ सकाळी सात ते अकराची ठेवावी. विद्यावेतनाचं म्हणाल तर टॉवेल कारखानदारांनी दोन-दोन मुलांचा भार उचलला तरी भागेल; क्रिकेटच्या करंडकाला ते देतातच.

कुठल्या कॉलेजाने मनावर घेतलं तर स्लाइड धुवायला आणि भट्टी लावायला शिकवायला मी येईन, मानधन नको. डिस्टिल्ड वॉटर मात्र फेब्रुवारी-मार्चमध्येच काढून कॅनमध्ये भरून ठेवा. मे महिन्यात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला वाहतं पाणी कुठून आणणार?

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक, सोलापूर