वागळे इस्टेटच्या शेड पाडण्याआधी निदान मोजून तरी घ्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतली आणखी एक करवती छपराची शेड गेल्या महिन्यात जमीनदोस्त झाली. माझे बाबा तिथे टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर होते.

त्या छपराला कारखान्यात नॉर्थ लाइट म्हणतात. एक बाजू उतरत्या पत्र्याची, दुसरी उभी, काचांची, तोंड उत्तरेला. जॉबवर, म्हणजे लेथवरच्या कामाच्या तुकड्यावर, थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा. बाबा व्हर्नियर ही बारीक मोजपट्टी डोळ्यांशी धरून माप घ्यायचे, दिवा लावावा लागत नसे. मेच्या मध्यानंतर ठाण्यात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला सरकतो, म्हणून तेवढ्यापुरता काचांना चुन्याचा हात मारायचे. पावसाळा लागला की तो आपोआप धुऊन जाई. आपल्या हवेशी इतकी समजूत असलेली इमारत पाडताना कोणी तिचा एक फोटोही काढला नाही, याचा मला फार राग येतो.

एमआयडीसीचा, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा कारभार १ ऑगस्ट १९६२ रोजी याच वागळे इस्टेटमधून सुरू झाला. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. स्वातंत्र्यानंतरचा महाराष्ट्र इथे घडला, पण पुरातत्त्वाच्या केंद्रीय कायद्यातली १०० वर्षांची अट धरून बसलो तर १९६२ च्या शेडला २०६२ पर्यंत थांबावे लागेल. तोवर ती उरणार आहे का?

जर्मनीत एसेनला झोल्फराइन ही आता बंद असलेली कोळसा खाण आहे. तिथला कोक, म्हणजे कोळसा तापवून केलेले इंधन, बनवणाऱ्या भट्ट्यांचा कारखाना महायुद्धानंतरचा, १९५७ ते १९६१ मध्ये बांधलेला. १९९३ मध्ये तो बंद झाला आणि २००१ मध्ये खाणीसकट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हा त्याचे वय होते अवघे ४० वर्षे. त्याचे वास्तुकार फ्रिट्झ शुप यांचे नाव तिथे आदराने घेतले जाते. आमच्या शेड कोणी आखल्या, हे इथे कोणाला विचारायचे?

जुन्या कारखान्यांच्या जागी काहीच बांधू नका, असे मी म्हणत नाही. पाडकामाच्या परवानगीआधी मोजणी आणि छायाचित्रण सक्तीचे करा. एमआयडीसीच्या दप्तरातले जुने मंजूर नकाशे रद्दीत जाण्याआधी पुराभिलेखागारात आणा. आणि वागळे इस्टेटमधली एक तरी नॉर्थ लाइट शेड, काचांसकट, राखा.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. आपला माणूस पाहणीला आला, तर शेजारच्या शेडमध्ये कुठले लेथ कुठे होते ते जागेवर उभे राहून दाखवतील. सकाळी या म्हणतात, तेव्हा उजेड चांगला असतो.

आपली,
एक ठाणेकर