आप्पांचं स्वप्न न विचारता घेतलं त्याबद्दल

आई, आप्पा,

फोनवर सांगून बघितलं पण आप्पा दोन मिनिटांत "ठेव आता, लाईट आली, मोटर लावायचीय" म्हणतात आणि आईला कुकरच्या शिट्ट्यांत काही ऐकू येत नाही, म्हणून हे टाईप करून प्रिंट काढून बंटीच्या हाती पाठवतेय. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचायचं, आणि आप्पांनी मधेच उठून मळ्यात जायचं नाही.

आधी त्या केळीच्या पानांचं. आप्पा, मागच्या महिन्यात तुम्ही टेम्पोतून वाळलेल्या पानांचे दोन भारे पाठवले, कशाला पाहिजे विचारलं तर मी म्हटलं कॉलेजात कार्यक्रम आहे. कार्यक्रम म्हणजे नाटक, आणि त्या नाटकात तुमचं एक स्वप्न आहे. मालगाडीचं. तुम्हाला न विचारता घेतलंय. रागवायचं तर पूर्ण ऐकून मग रागवा.

झालं असं की दरवर्षी मी मुलांकडून तेच बसवून घेते, हुंडा नाहीतर कर्जबाजारी शेतकरी, शेवटी सगळे एका रांगेत उभे राहून ओरडतात, टाळ्या, संपलं. ज्यांच्या घरी खरंच कर्ज आहे तीच पोरं ते पाठ केल्यासारखं म्हणतात, मलाच लाज वाटायला लागली होती. यंदा म्हटलं लिहिलेलं नाटकच नको. १९ पोरापोरींना एकेक वही दिली, उशाशी ठेवायची, तीन आठवडे रोज सकाळी स्वप्न लिहायचं. पहिला आठवडा सगळ्यांचं एकच, "मॅडम आम्हाला स्वप्नच पडत नाही." पडतं ओ, पण जाग आली की हात मोबाईलवर जातो आणि स्वप्न जातं ते जातंच. मग नियम केला, कूस बदलायची नाही, डोळे मिटलेलेच ठेवून आधी सगळं आठवायचं आणि मग पेन घ्यायचा. दुसऱ्या आठवड्यात वह्या भरायला लागल्या. दात पडतात, पळायचंय पण पाय उचलत नाही, बारावीचा पेपर आहे आणि पेनात शाई नाही, हे तर निम्म्यांना. एका पोरीचं मात्र विसरत नाही मी, तिच्या घरातला कापूस रात्रीतून वाढत वाढत पत्र्याला टेकलाय आणि तिची वारलेली आजी त्या कापसावर शांतपणे लुगडं वाळत घालतेय.

ही माझी अक्कल नाही बरं का. पॅरिसला आंद्रे ब्रेतों म्हणून कवी होता, त्याने १९२४ मध्ये जाहीरनामा काढला की स्वप्न आणि जागेपण मिळून जे होतं तेच खरं वास्तव, त्यालाच अतिवास्तववाद म्हणतात. मूळचा तो डॉक्टरकी शिकणारा, पहिल्या महायुद्धात डोकं फिरलेल्या सैनिकांच्या दवाखान्यात कामाला होता, आणि तिथे त्याला एक सैनिक भेटला ज्याची खात्री होती की हे युद्ध म्हणजे नुसतं नाटक आहे, जखमा रंगवलेल्या आणि गोळे खोटे. पुस्तकवाले काही म्हणोत, मला वाटतं सगळ्याचं बी तिथेच पडलं. पुढे १९२१ मध्ये हा ब्रेतों मोठ्या भक्तीने व्हिएन्नाला फ्रॉइडला भेटायला गेला, स्वप्नांचा अर्थ लावणारा तो डॉक्टर, तर त्याने काही फारशी दाद दिली नाही.

आई, या भांडणात तू फ्रॉइडच्या बाजूची आहेस! स्वप्नात लग्न दिसलं की कुणाचं तरी वाईट, मेलेलं माणूस दिसलं की आयुष्य वाढतं, पहाटेचं खरं होतं. तुझ्याकडे प्रत्येकाचं उत्तर तयार. ब्रेतोंच्या लोकांना उत्तर नकोच होतं, त्यांना ते चित्र जसंच्या तसं पाहिजे होतं. म्हणून तालमीत "याचा अर्थ काय" असं जो विचारेल त्याला ५ रुपये दंड लावला. दोन वेळचा चहा निघाला त्यातून, आणि सगळ्यात जास्त दंड माझा.

आणि आप्पा, साल्वादोर दाली म्हणून चित्रकार होता, वितळलेली घड्याळं काढणारा. तो दुपारी खुर्चीत बसून हातात जड किल्ली धरायचा, खाली जमिनीवर ताटली पालथी. डुलकी लागली की बोटं सैल पडायची, किल्ली ताटलीवर खणकन, जाग, आणि त्या एका क्षणात जे दिसलं ते तो चित्रात घ्यायचा. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसत सुटले. ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले तुम्ही, हातात अडकित्ता, अर्धी सुपारी कातरलेली, मान हळूहळू छातीवर, आणि अडकित्ता फरशीवर पडला की दचकून "कोण आलं व?" मुलांना मी हेच करून दाखवलं, चमचा आणि आईने दिलेली ती पितळी घेऊन. जेवण झाल्यावर दुपारी खोलीभर खणखण चाललेली, वॉचमन दोनदा बघून गेला.

ब्रेतोंच्या लोकांचा एक खेळही घेतला, घडी घातलेल्या कागदाचा. एकाने शब्द लिहून घडी घालायची, पुढच्याने न बघता पुढचा शब्द. त्या लोकांचं पहिलं वाक्य निघालं होतं "सुंदर प्रेत नवी दारू पिईल" असलं काहीतरी. आमचं निघालं, "उकडलेली एस्टी हळूच मामाला धुते." त्या एस्टीची एक पूर्ण खोली झालीय.

हो, खोल्या. स्टेज नाही, खुर्च्या नाहीत. जुन्या होस्टेलच्या पाच खोल्या, एका वेळी १५ माणसं आत, चालत चालत बघायचं, नटांच्या मधून. लंडनची पंचड्रंक नावाची मंडळी हे करतात, प्रेक्षकांना मुखवटे घालून अख्ख्या इमारतीत मोकळं सोडतात. पण मला खरं सांगायचं तर कानबाईची रात्र आठवली. नारळाला डोळे, नथ लावून ती देवी झालेली, एका खोलीत गाणी, एका खोलीत रोटांचं पीठ, चुलीचा धूर, आणि माझ्यासारखं अर्धवट झोपलेलं पोर या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरतंय. तिथे प्रेक्षक कोण होतं सांग बरं आई?

आधी मी बाजारातून हिरवी पानं आणून ओली करून अंथरली होती, वास फार छान, पण पहिल्याच दिवशी बघायला आलेले एक सर घसरून आडवे झाले. लागलं नाही नशिबाने, बोलले मात्र भरपूर. म्हणून तुमची वाळकी पानं. पायाखाली कुरकुरतात, अंधारात कुणीतरी मागून चालत येतंय असं वाटतं.

ती शेवटची खोली. स्वतःचं स्वप्न स्वतः करायचं नाही असा आमचा नियम आहे, वह्या अदलाबदल केल्या, नावं काढून टाकली, एकीने नको म्हटलं तर तिचं पान फाडून तिलाच दिलं. मी हे सगळं मुलांना शिकवलं आणि तुमचं मात्र तसंच उचललं. केळीच्या ओळींमधून मालगाडी जातेय, आवाज अजिबात नाही, आणि डब्याच्या दारात आजोबा उभे, तुम्हाला विचारतात, "पानी देलं का रे?" माझ्या लहानपणी तुम्ही हे तीन-चारदा तरी सांगितलंय, दर वेळी चहा पिताना. आजोबांचं काम यावलकडचा एक पोरगा करतो, तो प्रत्येक माणसाच्या अगदी जवळ जाऊन विचारतो. कुणी हो म्हणतं, कुणी हसतं, परवा एक बाई रडल्या.

तुम्ही काय उत्तर देता ते मात्र तुम्ही कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आमच्या कागदावर तिथे जागा कोरी आहे.

प्रयोग शनिवारी संध्याकाळी ६ला. पाऊण तास उभं राहावं लागतं म्हणून आप्पांच्या गुडघ्यासाठी प्रत्येक खोलीत एक स्टूल ठेवलंय, कुणाला कळणार नाही नाटकातलंच वाटेल. धुळ्यात थंडी आहे, आईने स्वेटर आणावा, आणि भरिताची वांगी आणलीत तर होस्टेलवर १९ जण खाणारे आहेत. आप्पा, नको असेल तर शुक्रवारपर्यंत फोन करा, ती खोली मी बंद ठेवीन, चारच दाखवू.

तुमची,
बेबी